चातुर्मासात गिटचा नेम

यंदाच्या चातुर्मासात मी गिटचा नेम धरला.

मागच्या वर्षी वांगं सोडलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षी रोज एकशे आठ वाती केल्या. त्याच्याही आधी पानावर बसल्यापासून आंचवेपर्यंत मौन पाळलं. मी मौन पाळत होते हे आमच्या ह्यांना कार्तिकात, उद्यापनाचं पान वाढलं तेव्हा कळलं. त्यात त्यांची चूक नाही. माझा आवाजच तसा आहे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण ते तिसऱ्या बाकापलीकडे कधी पोचलं असेल, असं मी देवासमोर तरी म्हणणार नाही.

तर गिट. आमची वाडी आचऱ्याहून चार किलोमीटरवर. दर श्रावणात आमच्या देवळात सात दिवसांचा अखंड नामसप्ताह असतो. मधोमध समई, तिच्याभोवती टाळ घेऊन फेर धरायचा आणि नाम घ्यायचं. दिवसरात्र. तीन तासांचा एक पहारा, दिवसाचे आठ, सात दिवसांचे छप्पन्न. वरचीवाडी, खालचीवाडी असे गट पाडलेले; एक गट दमला की दुसरा टाळ उचलतो, नाम मध्ये तुटत नाही. नव्वद वर्षांत एकदाही तुटलेलं नाही, अशी आमची ख्याती आहे, आणि कुठला पहारा कुणाचा हे ठरवणारी वही सप्ताह समितीतले सर्वांत वडील भिकाजीदादा यांच्या फडताळात असायची. गेल्या वर्षी फडताळ उघडलं तर वहीच्या जागी वाळवी. वाळवीने सगळी वाडी खाल्ली होती. फक्त पुठ्ठा सोडला होता, तोही बहुधा कडू लागला म्हणून.

समितीने ठरवलं, आता कॉम्प्युटर. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी गणिताची बाई.

माझी भाची अवनी पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. मे महिन्यात आली तेव्हा तिने आंबे खाता खाता प्रोग्राम लिहून दिला. घरांची यादी द्यायची. सोयरसुतक असलेलं घर तो आपण होऊन वगळतो आणि तिथे दुसरं घर बसवतो. मला इतका आनंद झाला! बदल मात्र तीन ठिकाणांहून व्हायचे. प्रोग्राम अवनी पुण्यात सुधारणार, वाडीची नावं मी इथे लिहिणार आणि मुंबई मंडळाची, म्हणजे तिकडे स्थायिक झालेल्या गावकऱ्यांची, नावं त्यांचा चिटणीस दीपेश डोंबिवलीत भरणार. तिघांची प्रत एकसारखी राहावी म्हणून गिट.

अवनीने मला ते नारळ सोलता सोलता समजावलं. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर सगळ्या फाइली असतात, आणि नुसत्या आजच्या नाहीत. पहिल्या दिवसापासून कुणी काय बदललं याचा सबंध इतिहास. आपण आपल्या प्रतीत काम करायचं आणि काय केलं ते लिहून नोंद पक्की करायची, ते कमिट. ते मधल्या सर्व्हरवर चढवायचं, तो पुश. दुसऱ्यांनी चढवलेलं आपल्याकडे उतरवून घ्यायचं, तो पुल.

"म्हणजे तिघांच्या घरी पूर्ण? कुणाकडे अर्धं नाही?"

"नाही. नेट नसलं तरी सगळं तुझ्याकडे आहेच."

मी तर भारावूनच गेले. हे आपल्या देवासारखंच झालं की! घराघरात आणि सगळीकडे पूर्ण. अवनी म्हणाली, "मावशी, तू तसंच समज. फक्त एक कर. रोज पुल, रोज पुश. त्यात खंड पडला की प्रती वेगळ्या वाटेला जातात आणि मग भांडतात."

रोज आणि खंड नाही, हे दोन शब्द माझ्यासमोर उच्चारू नयेत. आषाढी एकादशीला संकल्प सोडला: सकाळी पुल झाल्याशिवाय चहा नाही, तिन्हीसांजेला दिवा लावून पुश झाल्याशिवाय जेवण नाही.

पहिल्या सकाळी मशीनने काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवली. 'ऑलरेडी अप टू डेट.' तीन जागी सगळं कुशल आहे, असं कुणीतरी वरून सांगितल्यासारखं वाटलं. मी हात जोडले. ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का दर्शन? आधण ठेवू?"

चौथ्या दिवशी वाऱ्याने वायर तुटली आणि वाडीचं इंटरनेट गेलं. साडेआठ झाले, नऊ झाले. नेम माझा होता, पण आमच्याकडे चहा एकाच भांड्यात होतो. सव्वानऊला हे म्हणाले, "लग्नात सात पावलं चाललो तेव्हा भटजी यातलं काही बोलले नव्हते."

ग्रामपंचायतीत फायबर आहे म्हणून आम्ही तिथे गेलो. ग्रामसेवक बाहेरगावचे, नम्र गृहस्थ. म्हणाले, "अर्ज द्या. प्रयोजन लिहा." अर्ज मराठीत हवा म्हणून मी फाइलींच्या साठ्याला, म्हणजे रिपॉझिटरीला, 'कोठार' असा शब्द योजला. 'विषय: सप्ताहाच्या कोठाराचा पुणे व मुंबई येथील कोठारांशी रोज मेळ घालणेकरिता इंटरनेट मिळणेबाबत.' त्यांनी तो दोनदा वाचला.

"कोठारात माल काय आहे?"

"माल नाही. ओळी आहेत."

"किती क्विंटल?"

"वजन नसतं त्यांना."

"मग रोज चढवता-उतरवता काय?" ते गोंधळून म्हणाले. "हे बघा मॅडम, जिल्ह्याबाहेर काहीही नेणार असाल तर मी सही करू शकत नाही. मासिक सभेत विषय घेऊ."

मासिक सभा सव्वीस तारखेला. चहा सव्वीसपर्यंत थांबणारा नव्हता. मी "अहो, पण..." म्हटलं. ते टेबलापलीकडे ऐकू गेलं नाही.

रेंजवर शेजाऱ्यांचा सल्ला सुरू झाला. एकाने सांगितलं, विहिरीच्या कठड्यावर उभ्या राहा. दुसऱ्याने सांगितलं, फोन पितळेच्या तांब्यात ठेवा. ठेवला. फोन गरम झाला, रेंज आली नाही, आणि तो तांब्या देवाचा असल्यामुळे मला पुन्हा चिंच लावून घासावा लागला. शेवटी शेजारच्या सुगंधाकाकींनीच जागा सांगितली: वर सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळमाळावर, वाडीच्या राखणदार देवचाराच्या दगडी चिऱ्यापाशी. आणि खरोखर! चिऱ्याच्या उजव्या अंगाला उभं राहून लॅपटॉप समुद्राकडे धरला की फोनला दोन दांड्या! मी टाळीच वाजवणार होते, पण हातात लॅपटॉप होता.

त्या दिवसापासून सकाळी आणि तिन्हीसांजेला आम्ही सड्यावर. पुढे मी लॅपटॉप घेऊन, मागे हे, हातात थर्मास. दुसऱ्याच्या राखणीच्या जागी फुकट उभं राहणं बरं नव्हे, म्हणून मी चिऱ्यावर पानसुपारी ठेवायची. आठ दिवसांत वाडीभर गजाल झाली. सुगंधाकाकी कुंपणावरून हळूच म्हणाल्या, "बाई, खरा सांगा. घरात काय अडचण आसा? रोज तिन्हीसांजेक देवचाराकडे जातात, ता काय उगाच?"

"अहो काकी, तुम्हीच तर सांगितलंत. तिथे रेंज येते."

"येतलीच. राखणदार तो. पण नवस कसलो बोललात?"

मी म्हटलं, "पुश." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सुनेच्या नावाने चिऱ्यावर एक नारळ ठेवला आणि मला विचारलं, पुश किती दिवस करूचो लागता.

मी कमिट कशी लिहायचे तेही सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच प्रसंग आला. काय बदललं ते लिहायचं असतं, पण देवाचं काम, त्याला देवाचं नाव न घेता सुरुवात कशी करायची? मी आधी 'श्री' घालायचे, मग कुलदेवता, ग्रामदेवता, राखणदार, आणि मग: 'देवा म्हाराजा, आज तुझ्या सुतकाच्या फंक्शनात लग्न झालेल्या लेकींनाही दहा दिवस धरलं जात होतं, त्यामुळे अर्धी वाडी सुतकात बसली होती, ती चूक दुरुस्त केली, कमीजास्त झालं असेल ते पोटात घाल आणि नाम अखंड चालव.'

अवनीचा फोन आला. "मावशी, कमिटचा मेसेज पन्नास अक्षरांच्या आत लिहितात."

"पन्नास अक्षरांत देवाला हाक मारून होत नाही गं."

सप्ताहाच्या दहा दिवस आधी, सकाळी, मशीनने ती लाडकी ओळ दाखवलीच नाही. 'कॉन्फ्लिक्ट' असा शब्द आला. फाइल उघडली तर मध्येच बाणांची एक रांग, खाली माझी ओळ, मग बरोबरच्या चिन्हांचा बांध, खाली दीपेशची ओळ, पुन्हा बाणांची रांग. भाऊबंदांनी घरामागच्या एका परड्यात दोन दगडी गडगे घालावेत तसं! पाचव्या दिवसाचा दुपारी बारा ते तीनचा पहारा. मी लिहिलं होतं वरचीवाडी. दीपेशने लिहिलं होतं मुंबई मंडळ. त्याने पंधरा दिवस पुल केलाच नव्हता; परस्पर, जबरदस्तीचा पुश करून, आपली ओळ चढवली होती.

भांडण जुनंच. तो पहारा परंपरेने मुंबईकरांचा. गेल्या वर्षी त्यांना यायला उशीर झाला म्हणून वरचीवाडीने तो सांभाळला, आणि एकदा केला म्हणजे तो त्यांचाच, असं वरचीवाडीचं म्हणणं.

सड्यावरून अवनीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, हे मशीन ठरवत नाही, तुला ठरवावं लागेल. तुझी ओळ ठेव, नाहीतर त्याची ठेव, किंवा..." आणि रेंज गेली. अर्धा तास उभी राहिले, पानसुपारी ठेवली, पण त्या 'किंवा'च्या पुढचं काही खाली आलं नाही.

आता माझी ओळ ठेवायची म्हणजे अहंकार, दीपेशची ठेवायची म्हणजे वरचीवाडीशी वैर. पुश अडला, म्हणून रात्री जेवणही नाही. सकाळी भिकाजीदादांकडे गेले.

"बाईनू," ते म्हणाले, "माका त्या गिटातला काय एक समाजणा नाय. दिवो इझूक नये आणि नाम थांबूक नये, इतक्या बघा म्हणजे झाला. आणि माणसाक ठरवक जमणा नाय, ता देवाक इचारूचा. कौल लावया."

आमच्याकडे जमिनीचे, लग्नाचे, बोटीचे कौल लागतात; कोडचा पहिलाच. मी लॅपटॉप गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाटावर ठेवला. गुरवांनी पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. भिकाजीदादांनी गाऱ्हाणं घातलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"आज तुझ्या सप्त्याच्या कॉम्प्युटरात पाचव्या दिसाच्या बाराच्या पहाऱ्यार दोन नावां येवन बसली आसत. ता जा काय कॉन्फ्लिक्ट का काय म्हणतत, ता झाला असा!"

"होय म्हाराजा!"

"खयचा ठेवचा आणि खयचा काढूचा, ता तुया सांग. आणि पुण्याक, मुंबयक आणि हयसर जी काय प्रत आसा, ती एकसारखी करून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझ्या अंगावर काटा आला. अवनीच्या कंपनीत इतकं नीट कुणी मांडलं असेल असं मला वाटत नाही.

विचारलं, मुंबई मंडळ ठेवायचं का? डावी कळी पडली. विचारलं, वरचीवाडी ठेवायची का? पुन्हा डावी. गुरव म्हणाले, "तिसरो प्रश्न इचारूचो काय?" भिकाजीदादांनी उपरण्याने घाम पुसला. "नको. देवाक किती त्रास देवचो? दोगांकव नको म्हणता. देव आपणच कोण तिसरो दाखयतलो."

मला पटलं. रिकामी झालेली जागा प्रोग्राम आपोआप भरतो, असं अवनीने सांगितलेलं होतंच. मी तिथेच बसून दोन्ही ओळी पुसल्या, कमिटमध्ये सगळं गाऱ्हाणं जसंच्या तसं उतरवलं आणि सड्यावर जाऊन पुश केला. सुतकामुळे रिकामी झालेली जागा तो भरतो. हाताने पुसलेली नाही, हे मला माहीत नव्हतं. तो फरक मशीनला कळतो, आणि मशीन बोलून दाखवत नाही. अवनीने ते पुण्यात उतरवून घेतलं. आमच्या नेमाने एक रिकामी चौकट दोन जिल्ह्यांत बिनचूक पोचवली.

भिकाजीदादांनी आचऱ्याला जाऊन पत्रक छापून आणलं. एकच प्रत, देवळाच्या खांबाला लावायची. त्यावर समितीचा गोल शिक्का. मी म्हटलं, "वा, शिक्का छान जागी बसलाय."

"सगळीकडे नावां. एकच जागा मोकळी होती. थयसर मारलंय," ते म्हणाले.

आम्ही दोघं त्या शिक्क्याकडे कौतुकाने पाहत राहिलो. देव क्षमा करो.

सप्ताह सुरू झाला आणि घड्याळासारखा चालला! सोमवार, मंगळवार, एक पहारा संपला की दुसरा गट दारात हजर. लोक पत्रकाला बोट लावून लावून पाहत. गुरवसुद्धा म्हणाले, कॉम्प्युटर सोवळ्यात असल्यासारखो चलता. मी देवळातच बसून असायची, लॅपटॉप मांडीवर. उगाच. शोभेला.

पाचव्या दिवशी पावणेबाराला खालचीवाडीचा म्होरक्या फेरातूनच ओरडला, "पुढचो कोण?"

भिकाजीदादा खांबाकडे गेले. पत्रकाशी नाक नेलं. चष्मा पुसला, पुन्हा नेलं. मग माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात म्हणाले, "बाईनू, शिक्को."

लॅपटॉप पाटावर ठेवून उघडला. पाचवा दिवस, बारा ते तीन: काहीच नाही. एका वाडीने लागोपाठ दोन पहारे करायचे नाहीत, हा नियम कडक. प्रोग्राममध्ये तो मीच घातला होता. खालचीवाडीचे लोक तीन तास नाचून घामाने निथळत होते, त्यांचा सूर कधीच गेला होता. नव्वद वर्षं. वाळवीने वही खाल्ली तरी जे तुटलं नाही, ते माझ्या एका कमिटने तुटणार होतं.

बाराचे टोल पडले आणि त्यांनी टाळ खाली ठेवायला हात वाकवले. ते जमिनीला टेकायच्या आत मी उचलले.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी फेरात शिरले आणि नाम घेतलं. कुणाला ऐकू आलं असेल असं नाही, पण ओठ हलत होते. हे थर्मास ठेवून धावत आले आणि झांज घेतली. ह्यांचा ताल म्हणजे दरवेळी नवा. सुगंधाकाकी लुगड्याचा ओचा खोचून आल्या. "बाई, मोट्यान! देवाक ऐकाक येवक व्हया!"

मोट्यान. एकतीस वर्षं हेडमास्तर हेच सांगत होते. मी डोळे मिटले आणि पोटातून हाक मारली. समईची वात हलली. हे दचकून झांज वाजवायला विसरले.

पंधरा मिनिटांत पाठ असलेले सगळे अभंग संपले. वीस मिनिटांत आरत्या. पंचविसाव्या मिनिटाला माझ्या तोंडात तेराचा पाढा येऊ लागला, तेव्हा मी घाबरले. देवळात रेंज नाही, दुसऱ्याला बोलवायला जायचं तर उठून चालायच्या दमाचा माणूस नाही. आणि समोर पाटावर लॅपटॉप उघडा होता.

नेट नसलं तरी सगळं तुझ्याकडे आहेच!

फेर न मोडता वाकून मी इतिहास उघडला. पहिल्या दिवसापासूनच्या माझ्या सगळ्या कमिट. छत्तीस, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर देवाचं नाव! मी खड्या आवाजात सुरू केलं: "श्री कुलदेवता, ग्रामदेवता, राखणदार! देवा म्हाराजा, आज तुझ्या सुतकाच्या फंक्शनात..."

"होय म्हाराजा!" सुगंधाकाकी गर्जल्या.

"लग्न झालेल्या लेकींनाही दहा दिवस धरलं जात होतं..."

"होय म्हाराजा!" हे आणि भिकाजीदादा.

"ती चूक दुरुस्त केली!"

"होय म्हाराजा!"

सांगते, काय रंग चढला! खालचीवाडीची दमलेली माणसं खांबाला टेकून होती, तीही होयकारा देऊ लागली. मी एकेक कमिट उलगडत होते, आणि दोन्ही ओळी पुसल्याच्या त्या कमिटपाशी आले तेव्हा रडू फुटलं. तेही सुरात गेलं.

त्याच वेळी दारात गलका झाला. वरचीवाडीचे बाराजण, टाळांसह. "आमचो पहारो! दुकानार बाईंचा कौलाआदचा जुना पत्रक लावलेला आसा, आम्ही ताच बघलंव. शेतातल्या मजुरांका जेवण घालून येवक जरा उशीर झालो." त्यांच्या मागोमाग दोन टमटमी. दीपेश आणि मुंबई मंडळ, नांदगाव रोड स्टेशनवर गाडी दीड तास उशिरा आली म्हणून घामेघूम. "बाई, आमच्या प्रतीत आमचंच नाव आहे!"

"दीपेश," मी फेरातूनच विचारलं, "तू पुल केलाच नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "वेळच झाला नाही, बाई."

माझ्या नेमाने जागा रिकामी केली, आणि ज्यांनी नेम पाळला नाही त्यांच्याकडे ती भरलेली राहिली. यावर मी अजून विचार करते आहे.

दोन्ही गटांनी एकमेकांकडे पाहिलं. बाह्या सरसावल्या. पण नाम चाललं होतं, आणि चालू नामात भांडता येत नाही, हा नियम वाडीत सगळ्यांत जुना. भांडायला उघडलेली तोंडं तशीच होयकाऱ्याला लागली. वरचीवाडीच्या म्होरक्याने माझ्या हातातले टाळ घेतले, दीपेशने ह्यांच्या हातातली झांज (ती सगळ्यांना बरी वाटली), आणि उरलेला पहारा दोन्ही गटांनी मिळून केला. असा फेर मी जन्मात पाहिला नाही!

भिकाजीदादा माझ्या शेजारी खांबाला टेकले. "बाईनू, देवान दोगांकव नको म्हटल्यान ता बरोबरच. एकट्याक नको, म्हणून. तिसरो प्रश्न आम्हीच इचारूक नाय."

आणि मला अवनीचा तो अर्धवट राहिलेला 'किंवा' आठवला.

तिन्हीसांजेला सड्यावर गेले. घसा पूर्ण बसला होता. पुढे तीन दिवस मला एक शब्द बोलता आला नाही, आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुसलेल्या जागी दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्या, एकीखाली एक. देवाला हाक मारायला आवाज उरला नव्हता, आणि दुपारी त्याला सगळं ऐकवून झालंच होतं. म्हणून कमिटमध्ये एवढंच लिहिलं: 'दोन्ही ठेवले.' पुश केला. चिऱ्यावर पानसुपारी ठेवली.

पायवाटेने उतरायला लागलो तोच ह्यांच्या खिशात फोन वाजला. अवनी होती, धास्तावलेली.

"काका, मावशीची तब्येत बरी आहे ना? मेसेज पन्नास अक्षरांच्या आत आलाय."